अडतीस अंशांतला बर्फ

मंडळी, तुमच्यापैकी किती जणांनी बजाजची स्कूटर आडवी केली आहे? अपघातात नव्हे, मुद्दाम. ऑफिसची वेळ झालेली, किक मारून मारून पाय दुखायला लागलेला, आणि शेजारचे काका गॅलरीतून ओरडणार, "अहो, जरा आडवी करा की!" मग स्कूटर झुकवायची, दोन-चार क्षण तशीच धरायची, उभी करून किक मारायची, की निळा धूर सोडत गाडी सुरू. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांचे हात वर झाले असणार. इथे जन्मलेल्या मुलांनी आपापल्या आईबाबांना विचारून खात्री करून घ्यावी. आम्ही खरंच असं करत होतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

झुकवल्यावर कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोल कलंडून थोडं जादा आत जायचं. थंड इंजिनाला ते जादा पेट्रोल हवं असायचं, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण विमानाचं काय? ते काही आडवं करून सुरू करता येत नाही. हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नसता. आमच्या घरात तो शिरला तो माझ्या लेकीमुळे आणि माझ्या वडिलांमुळे, आणि गेलं वर्षभर घरात दुसरा विषय नाही. संपादकांनी "काहीतरी अनुभवावर लिहा" म्हटलं, तेव्हा माझ्याकडे हाच एक अनुभव ताजा होता. पाककृती पुढच्या वर्षी देईन.

वडील म्हणजे आप्पा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं चाळीस वर्षं गॅरेज होतं. स्कूटर, मोटरसायकल, पुढे पुढे जुन्या फियाट. इंजिन कसं चाललंय हे ते प्लग काढून रंगावरून सांगायचे. काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जादा जातंय, पांढराफटक असेल तर हवा जादा. आणि दुधाच्या चहाच्या रंगाचा असेल तर प्लग पुसून परत बसवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "काय झालं न्हाई गाडीला, जावा."

लेक सिलिकॉन ओएसिसमध्येच वाढली. बारावी झाल्यावर तिने वैमानिक व्हायचं ठरवलं. दुबईत त्याचे खर्चाचे आकडे बघून आम्ही नवराबायको दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. शेवटी ती महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षण संस्थेत गेली. व्यावसायिक परवान्यासाठी भारतात दोनशे तासांचं उड्डाण लागतं. म्हणजे आईबाप ज्या मातीतून उठून इकडे आले, तिथेच पोरगी उडायला शिकायला परत गेली. मागच्या पावसाळ्यात तिकडे ढगांमुळे उड्डाणं कमी झाली, तेव्हा ती दोन महिने घरी आली. त्याच वेळी आप्पाही पहिल्यांदा व्हिजिट व्हिसावर आले.

खरं सांगायचं तर मला धास्ती होती की ही दोघं बोलणार काय. तिचं मराठी म्हणजे तुमच्याआमच्या घरातलं, क्रियापद मराठी आणि बाकी सगळं इंग्रजी. आप्पांचं म्हणजे अस्सल उद्यमनगर. पहिल्या संध्याकाळी चहा घेताना आप्पांनी विचारलं, "तुझ्या इमानाला कारबुरेटर हाय का इंजेक्शन?"

पोरगी थबकलीच. "कार्बुरेटर आहे आजोबा. सेस्ना एकशे बावन्न."

"मग बस हितं," आप्पा म्हणाले. त्यानंतर ती दोघं रात्री साडेअकरापर्यंत उठली नाहीत. माझी भाजी दोनदा गरम झाली.

त्या रात्री आणि पुढे महिनाभर मी जे ऐकलं, त्यातलं मला समजलेलं सांगते. चूकभूल आप्पा दुरुस्त करतील, हा अंक त्यांना पाठवणार आहे.

नुसतं पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ हवेत मिसळली की जळते, आणि तीही ठरावीक प्रमाणातच. वजनाने बघितलं तर एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा. हवा आठ भागांपेक्षा कमी झाली किंवा अठरा भागांच्या वर गेली, तर ठिणगी पडूनही काही होत नाही. हे वजनाचं झालं. आकारमानाने सांगायचं तर एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. इंजिन पेट्रोल पितं असं आपण म्हणतो, पण त्याचं मुख्य खाणं हवाच. ज्यांनी पंपाचा स्टो वापरलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्योत पिवळी झाली आणि भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं की आई स्टोला पिन मारायची. ज्योत निळी झाली की हवा आणि वाफेचं जमलं. इंजिनाच्या आत तीच ज्योत मिनिटाला हजारो वेळा पेटते, आणि तिथे पिन मारायला हात पोचत नाही.

कार्बुरेटर हे जमवतो कसा? विमानातला साधा कार्बुरेटर म्हणजे मधेच अरुंद झालेली नळी. नदी दोन कातळांमधून जाताना जशी वेगाने धावते, तशी हवा त्या अरुंद नरड्यातून वेगाने जाते आणि वेग वाढला की तिथला दाब उतरतो. नरड्यात एक बारीक तोटी असते, तिचं दुसरं टोक पेट्रोलच्या वाटीत. दाब उतरला की पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. घरात डास मारायला पूर्वी फ्लिटचा हातपंप असायचा, तो ह्याच तत्त्वावर चालायचा. वाटीत एक तरंगता गोळा असतो, संडासच्या टाकीत असतो तसाच, आणि तो वाटीतली पातळी राखतो. वैमानिकाच्या हातात दोन दांडे. काळा थ्रॉटल, तो नरड्यापुढची झडप उघडतो, म्हणजे हवा आणि पेट्रोल दोन्ही वाढतात. आणि लाल मिक्श्चर, तो फक्त पेट्रोलची वाट कमीजास्त करतो.

हा लाल दांडा कशासाठी, तर विमान वर गेलं की हवा विरळ होते. नरड्यातून तेवढीच घनफळं हवा जाते, पण तिचं वजन कमी. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. मग मिश्रण घट्ट होत जातं, इंजिन थरथरतं, प्लग काळे पडतात. म्हणून वर गेल्यावर लाल दांडा हळूहळू मागे ओढून मिश्रण पातळ करायचं. उलट विमान उडताना, पूर्ण ताकद लावलेली असते तेव्हा, मुद्दाम जादा पेट्रोल देतात. ते जळण्यापेक्षा सिलिंडर गार ठेवण्याच्या कामी येतं. आप्पांना हे फार पटलं. "पातळ मिश्रणावर गाडी दामटली की पिस्टन जळतोय," हे त्यांनी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलेलं.

आणि एक गंमत ऐका. विमानाचं इंजिन किल्ली फिरवून बंद करत नाहीत. लाल दांडा पूर्ण मागे ओढतात. पेट्रोल तुटतं, सिलिंडरमध्ये शिल्लक असेल तेवढं जळून जातं आणि मग पंखा थांबतो. आत ओलं मिश्रण उरलं आणि कुणाचा हात पंख्याला लागून तो फिरला, तर एखादी चुकार ठिणगी माणसाचा हात तोडू शकते. म्हणून इंजिनाला उपाशी ठेवून झोपवायचं.

आपल्या दुबईच्या उन्हाचाही ह्यात संबंध आहे. पंचेचाळीस अंश तापमानात समुद्रकाठची हवाही इतकी फुगलेली असते की विमानाला ती सुमारे साडेतीन हजार फुटांवरच्या हवेसारखी लागते. म्हणजे धावपट्टी समुद्रसपाटीला, पण इंजिनाच्या हिशेबाने आपण लोणावळ्याच्याही वर, महाबळेश्वरच्या वाटेवर. हवा जवळजवळ नऊ टक्के कमी. आप्पा म्हणाले, "मग आमचं महाबळेश्वर काय वाईट, तिथं निदान स्ट्रॉबेरी तरी मिळती."

आता बर्फाकडे येते. त्यासाठीच तर हा लेख.

पेट्रोलची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते. इंजेक्शन देण्याआधी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा कातडी गार पडते, तेच. शिवाय नरड्यात दाब उतरल्यामुळे हवा आणखी गार होते. दोन्ही मिळून कार्बुरेटरच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीस-पस्तीस अंशांनी खाली येऊ शकतं. हवेत दमटपणा असेल तर ते पाणी नरड्यात आणि झडपेवर गोठतं. पायलट लोकांसाठी अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने जे पुस्तक काढलंय त्यात लिहिलंय की बाहेर अडतीस अंश असताना, आर्द्रता पन्नास टक्के असतानासुद्धा हे होऊ शकतं. सर्वात जास्त धोका वीस-एकवीस अंशांच्या खाली, दमट हवेत. पण अडतीस अंश! ऑगस्टमधली आपली रात्र आठवा, मॉलमधून बाहेर पडल्यावर चष्मा पांढरा होतो ती.

माझा विश्वास बसेना. आप्पांनी वाद घातला नाही. गॅलरीत एसीच्या नळीतून पाणी ठिबकत होतं, तिच्याखाली त्यांनी रात्री बादली ठेवली. सकाळी बादली काठोकाठ. मला बोलावून म्हणाले, "हे पाणी कुठनं आलं? तुमच्या हवेतनं. आता हेच नरड्यात गोठलं तर इंजान श्वास कुठनं घेणार?" पोरगी बाजूला उभी राहून फोटो काढत होती. तो फोटो तिने तिच्या वर्गातल्या मुलांना पाठवला म्हणे.

बर्फावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. एक्झॉस्टच्या नळीभोवती पत्र्याचं वेष्टन असतं, तिथली तापलेली हवा एक दांडा ओढून कार्बुरेटरमध्ये सोडायची. त्याला कार्ब हीट म्हणतात. ही हवा फिल्टरमधून येत नाही, म्हणून वाळू असलेल्या जागी जमिनीवर ती फार वेळ चालू ठेवायची नाही. हे आपल्याकडे महत्त्वाचं. बर्फाचा त्रास सगळ्या इंजिनांना सारखा नसतो. लायकॉमिंगच्या इंजिनात कार्बुरेटर ऑइलच्या भांड्याला खालून चिकटलेला असतो आणि मिश्रणाची वाट गरम तेलातून जाते, म्हणून तिथे जरा कमी. जुन्या कॉन्टिनेंटलमध्ये जास्त.

सप्टेंबरात लेक परत गेली. आप्पांचा व्हिसा नोव्हेंबरपर्यंत होता.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू. दोन दिवसांपूर्वी सकाळी ती एकटीच विमान घेऊन सरावाला गेली होती. पाऊस नुकताच संपलेला, खाली सगळी शेतं ओली, वर हवा स्वच्छ पण दमट. थ्रॉटलला हात न लावता फेऱ्यांचा काटा उतरायला लागला. तेवीसशेवरून बावीसशे, मग त्याच्याही खाली. तिने कार्ब हीटचा दांडा ओढला. काटा वर यायच्या ऐवजी आणखी शंभर-दीडशे फेऱ्यांनी पडला आणि इंजिन खडखडायला लागलं.

इथे मी फोन कानाला लावून सोफ्यावर बसले. आपल्याला वाटतं मुलं मोठी झाली. मोठी झालेली मुलं अडीच हजार फुटांवर एकटी असतात, आणि आपल्याला ते दोन दिवसांनी कळतं.

आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आधी पडलं, हादरलं, आनि मग वर आलं का?"

"हो आजोबा. अर्ध्या मिनिटाने. मग पहिल्यापेक्षाही वर आलं. हीट बंद केल्यावर परत तेवीसशे."

"आनि मधल्या टायमाला तू दांडा ढकलला न्हाईस?"

"नाही."

"झ्याक," आप्पा म्हणाले आणि फोन मला परत दिला.

मला नंतर कळलं ते असं. गरम हवा विरळ असते, त्यामुळे ती आत आल्याबरोबर ताकद आधी कमीच होते. बर्फ वितळून त्याचं पाणी इंजिनात जातं, त्याने ते खडखडतं. म्हणजे उपाय लागू पडतोय ह्याची खूण अशी, की प्रकृती आधी बिघडते. नेमक्या त्या क्षणी माणसाला वाटतं की आपण चुकीचा दांडा ओढला, आणि तो परत आत ढकलतो. बर्फ तसाच राहतो. चांगली धडधाकट विमानं ह्या एका कारणाने शेतात उतरली आहेत. म्हणून शिकवताना हे घोकून घेतात, की दांडा ओढल्यावर हात काढायचा आणि थांबायचं.

ते थांबणं तिने केलं. मी मात्र तिला परत बोलावून घेण्याचा विषय घरात तीन दिवस लावून धरला. बारा लाख गेले तर जाऊ देत, इथे आरआयटीत प्रवेश घेईल, आपल्या दारातच आहे, वगैरे. नवरा गप्प. आप्पा एवढंच म्हणाले, "माझ्याकडं शिकाय आलेली पोरं इंजान खडखडलं की पयलं बंद करायची. ही थांबली." मग त्यांनी पेपर वाचायला घेतला.

तिसऱ्या दिवशी मी दुसरी वाट काढली. म्हटलं, कार्बुरेटरच नसलेलं विमान घेऊ दे की. दुबईतल्या एमिरेट्सच्या प्रशिक्षण अकादमीत सिरस एसआर-२२ विमानं आहेत, त्यांचं इंजिन इंजेक्शनचं. १९९०च्या दशकाअखेर पुन्हा बनू लागलेल्या सेस्ना १७२लाही इंजेक्शन. पेट्रोल मोजून बारीक नळ्यांनी थेट प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी. नरड्यात वाफ होत नाही, म्हणून तिथे बर्फ नाही. लेक फोनवर हसली. म्हणाली, "आई, त्याचा प्रॉब्लेम तुझ्या दुबईत जास्त आहे." ह्या नळ्या इंजिनाच्या डोक्यावरून जातात. उन्हात इंजिन बंद केलं की वारा थांबतो, सिलिंडरची धग वर चढते आणि नळ्यांतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. दहा मिनिटांनी परत सुरू करायला जावं तर पंप पेट्रोलऐवजी वाफच ढकलतो. मग धावपट्टीशेजारी चाळीस अंशांत घाम गाळत वेगवेगळ्या युक्त्या. तेव्हा थंडीतली विद्या वेगळी आणि उन्हातली वेगळी, आणि दोन्ही शिकायच्याच. माझ्याकडे ह्यावर उत्तर नव्हतं.

सिलिंडरला थेट पेट्रोल देण्याचा प्रकार काही नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिट १०९ला इंजेक्शन होतं आणि इंग्रजांच्या स्पिटफायरला कार्बुरेटर. स्पिटफायरने नाक एकदम खाली घातलं की वाटीतलं पेट्रोल उसळून वर जायचं आणि इंजिन आधी उपाशी, मग बुडून बंद पडायचं. जर्मन वैमानिक हे ओळखून सूर मारून निसटायचे. उपाय काढला बिअॅट्रिस शिलिंग नावाच्या एका इंजिनिअर बाईंनी, ज्या स्वतः मोटरसायकलच्या शर्यती जिंकायच्या. मोजून भोक पाडलेली एक छोटी पितळी चकती पेट्रोलच्या वाटेत बसवायची, म्हणजे लागेल त्याहून जादा पेट्रोल येणारच नाही. १९४१मध्ये ती विमानांना बसवली गेली. आप्पांनी ही गोष्ट नातीकडून तीनदा ऐकली. एका वायसरने काम झालं, ह्याचंच त्यांना जास्त कौतुक.

लेक परत जायच्या आधी आम्ही सगळे शारजाच्या अल महत्ता संग्रहालयात गेलो होतो. तुम्ही गेला नसाल तर जा, मुलांना घेऊन जा. शहराच्या मधोमध किल्ल्यासारखी इमारत आहे. ऑक्टोबर १९३२मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडनहून कराचीला जाणारी विमानं इथे थांबायला लागली. चार ज्युपिटर इंजिनांची, दोन मजली पंखांची अवाढव्य धुडं. उतारू रात्री ह्याच किल्ल्यात झोपायचे. जुनी धावपट्टी आता रस्ता झाली आहे, आपण तिच्यावरून गाडी चालवतो.

तारीख लक्षात घ्या. शारजात पहिलं विमान उतरलं ५ ऑक्टोबर १९३२ला. दहा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, जेआरडी टाटांनी कराचीत विलायतेची टपाल घेतली आणि एकट्याने पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानावर आणलं. एअर इंडियाचा उगम तो. पस मॉथला डी हॅविलंडचं जिप्सी जातीचं चार सिलिंडरचं इंजिन, उलटं टांगलेलं, कार्बुरेटरवालं. पन्नास वर्षांनी, १९८२मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून तोच प्रवास पुन्हा केला. आप्पा तेव्हा भर उमेदीत होते, पेपरात फोटो बघितल्याचं त्यांना आठवतं. संग्रहालयातल्या जुन्या पंख्याच्या विमानापुढे ते वाकून वाकून इंजिनाचं पोट बघत होते. पहारेकऱ्याला वाटलं म्हाताऱ्याचं काही हरवलंय. तो मलबारी होता. त्यानेही येऊन खाली वाकून बघितलं.

नोव्हेंबरात आप्पा कोल्हापूरला गेले. आता त्यांचा आणि नातीचा परस्पर कारभार चालतो, मला कुणी विचारत नाही. तिकडच्या मेकॅनिकला विनंती करून ती दर तपासणीला प्लगचे फोटो मागवते आणि आजोबांना पाठवते. विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोवर, त्यामुळे चार सिलिंडरचे आठ फोटो. विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं. आपल्या गाड्यांच्या पेट्रोलमधून भारतात ते २०००मध्ये गेलं. म्हणून खालच्या प्लगांत शिशाचे बारीक मणी जमतात. आप्पांनी ते फोटोत ओळखले. कितीतरी वर्षांनी बघितले म्हणाले.

काल रात्री आमच्या तिघांच्या ग्रुपवर पुन्हा आठ फोटो आले. सकाळी उठून बघितलं तर खाली आप्पांचा आवाजी निरोप होता. सात प्लग चहाच्या रंगाचे आहेत, तीन नंबरचा खालचा जरा काळपट वाटतोय, मेकॅनिकला दाखव, आणि तो बघेपर्यंत इमान घेऊ नको. तिचं उत्तर मराठीत होतं, देवनागरीत टाइप केलेलं: "दाखवला आजोबा. बदलतोय म्हणाला. उद्या सकाळी साडेसहाला."